बॉक्स दुकानातच राहिला, तिथेच चूक झाली

प्रश्न : मी भांडुपला राहते. दादरच्या चष्म्याच्या दुकानात लेन्सचं माझं नेहमीचं सोल्युशन नव्हतं. दुकानदारानं दुसऱ्या सोल्युशनचा बॉक्स फोडून नुसती बाटली दिली. ‘हे त्याच्यापेक्षा भारी, तसंच वापरा,’ म्हणाला. रात्रभर त्यात ठेवलेल्या लेन्स सकाळी घातल्या आणि डोळ्यांची आग आग झाली. ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. उपचार आणि बिनपगारी रजा मिळून ११,४०० रुपये गेले. दुकानदार म्हणतो, ‘बाटलीवर लिहिलंय, वाचायचं होतं.’ बिलावर फक्त ‘लेन्स सोल्यु. ५२०’ एवढंच आहे.

उत्तर : ताई, आधी डोळ्यांची फेरतपासणी चुकवू नका. आता त्या बॉक्सबद्दल, कारण तुमची सगळी तक्रार त्यावरच उभी आहे. पेरॉक्साइडच्या सोल्युशनबरोबर बॉक्समध्ये खास उभी डबी येते. तिच्यातल्या प्लॅटिनमचा मुलामा दिलेल्या चकतीमुळे साधारण सहा तासांत पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होतो, मगच लेन्स डोळ्यांत घालायची. तुमच्या नेहमीच्या चपट्या डबीत ती चकती नाही, म्हणून सकाळीही त्यात पेरॉक्साइडच होतं. डबी आणि माहितीपत्रक, दोन्ही दुकानदारानं ठेवून घेतली आणि वर ‘तसंच वापरा’ असं सांगितलं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ८६ नेमकं इथे लागू पडतं. उत्पादकानं दिलेले धोक्याचे इशारे आणि वापराच्या सूचना विक्रेत्यानं ग्राहकापर्यंत पोचवल्या नाहीत आणि त्यामुळेच इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी विक्रेत्यावर येते. या कायद्यात शारीरिक इजेसोबत झालेला मानसिक त्रासही ‘हानी’त धरला आहे.

बाटलीवरच्या इशाऱ्याचा मुद्दा मात्र हलक्यात घेऊ नका. ‘चुकीचा वापर केला’ हा बचाव कलम ८७ मध्ये आहे आणि समोरचा वकील तोच धरून बसेल. त्याला उत्तर एकच : वापर दुकानदारानं सांगितला तसाच केला. ते सिद्ध करायला बाटली लागेल, म्हणून उरलेल्या द्रवासकट ती जपून ठेवा आणि बॅच नंबरचा फोटो काढा. बिल त्रोटक आहे, तेव्हा यूपीआयची नोंद जोडा. डॉक्टरांच्या कागदावर नुसतं ‘डोळे लाल’ असेल तर इजा पेरॉक्साइडमुळे झाली, हे त्यांच्याकडून स्पष्ट लिहून घ्या. माझ्या मते हा कागद बिलापेक्षा मोलाचा आहे. सोबत कोणी होतं का? असेल तर त्यांचं शपथपत्र घ्या.

मग १५ दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. दुकान दादरला असलं तरी तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे मुंबई उपनगरच्या आयोगात तक्रार करता येते. त्यासाठी वांद्र्याला जावं लागेल. किंमत ५ लाखांच्या आत असल्यानं फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण इतके दिवस थांबू नका, बाटल्या हरवतात आणि साक्षीदार विसरतात.

‘नवी बाटली घ्या आणि मिटवा,’ असं दुकानदार म्हणेल. बाटली घ्यायची तर घ्या, पण ‘तक्रार नाही’ अशा कुठल्याही कागदावर सही करू नका.