वाचक विचारतात : नंदीचा कान का तुटला?

प्रश्न : बांधावरच्या काळ्या दगडात दीड फुटी नंदी घडवायला घेतलाय. कान मोकळा करताना टवका उडाला, खाली पांढरी गारगोटी निघाली. टाकीही (दगड फोडायची छिन्नी) तासाभरात बोथट होते. काय चुकतंय? (एक वाचक, साक्री)

उत्तर : दगड निवडतानाच चुकलं. आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, बेसाल्ट. थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात आणि त्या पोकळ्यांत पुढे गारगोटी किंवा जिओलाइट नावाचं खनिज भरतं. गारगोटी दगडाहून कठीण, जिओलाइट मऊ. त्या सांध्यावर घाव सरकतो नि कड निघून जाते. म्हणून थराच्या पोटातला, भोकं नसलेला दगड घ्या. धुळे-नंदुरबारकडच्या भिंतीसारख्या उभ्या कातळांचा दगड घट्ट असतो खरा, पण भेगा जवळजवळ असल्यानं मोठा सलग तुकडा कमी मिळतो. बांधावरचा गोटा मात्र उन्हापावसानं कांद्यासारखे पापुद्रे सोडतो. ते साल निघून गाभा दिसेपर्यंत त्याचा भरवसा धरू नका.

घडवण्याआधी दगड दोन लाकडांवर ठेवून हातोडीनं वाजवा. खणखणला तर ठीक, बद्द वाजला तर आत चीर आहे. मग पाणी ओतून सुकू द्या. बाकी दगड सुकला तरी चिरेवर ओली रेघ रेंगाळते. दीड बाय एक बाय एक फुटाचा दगड सुमारे १२० किलो भरतो, तेव्हा ही तपासणी खाणीतच झालेली बरी.

कान आणि शिंगं शेवटपर्यंत डोक्याला जोडलेलीच ठेवा, मधला दगड सर्वांत शेवटी काढा. घाव कडेकडून आत मारायचा. आतून बाहेर मारला की कड गेलीच.

टाकीला पाणी पाजताना, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून टोक कठीण करताना, टोकाकडचा इंचभर भाग लाल करा, फक्त अर्धा इंच पाण्यात बुडवा, बाहेर काढून चटकन घासा. वरची उष्णता टोकाकडे उतरते तसा रंग पिवळसर, मग तपकिरी होतो. तपकिरी आला की पूर्ण बुडवा. निळ्यावर गेलात तर टोक लवकर वळतं. पिवळ्याआधीच बुडवलंत तर ठिसूळ राहून तुटतं. तुमचं बहुधा निळ्यावर जात असावं.

प्रश्न : टाकीच्या पांढऱ्या खुणा तेलानं जातील का?

उत्तर : झाकल्या जातील, जाणार नाहीत. तो चुरडलेला दगड आहे. कार्बोरंडमच्या (घासायच्या कठीण खरखरीत पदार्थाच्या) वडीनं पाणी घालत ६०, १२०, २२०, ४०० नंबर या क्रमानं, म्हणजे जाडसरकडून बारीककडे, घासा. काळेपणा दगडातूनच वर येतो. कोरडं घासू नका, आणि टाकी चालवताना चष्मा, मास्क लावाच.