वंश, मानसिक आरोग्य आणि पोलीस या विषयावर लंडनच्या विद्यापीठात संशोधन सहायकाची जागा आहे. अर्ज करू का?

करा की. मुंबईत समाजकार्यात एम.ए. केलंय, कोठडीतल्या लोकांसोबत काम केलंय, मग यात विचारण्यासारखं काय आहे? पण तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य, 'आपण ना गोरे ना काळे, त्यांच्यातलं आपल्याला काय कळणार', त्यावर मला बोलायचंय. हेच वाक्य मी आमच्या भावोजींच्या तोंडून दर गणपतीत ऐकते.

मी मूळची मिरजेची, दक्षिण लंडनमध्ये मानसिक आरोग्याची नर्स आहे. इथल्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 136 तुम्ही वाचलंच असेल. सार्वजनिक जागी कुणी मानसिकदृष्ट्या ढासळलेला दिसला तर पोलीस त्याला सुरक्षित जागी आणून 24 तास ठेवू शकतात; 2017 पर्यंत ही मुदत 72 तास होती. ती सुरक्षित जागा म्हणजे आमचा वॉर्ड.

एका रात्रपाळीला पोलिसांनी तिशीतल्या एका काळ्या माणसाला आणलं (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). अँब्युलन्स नाही, पोलिसांची व्हॅन. हातात बेड्या, दोन्ही दंडांना धरलेलं. कागदावर लिहिलेलं: आक्रमक, रोखून बघतो, सांगितलेलं ऐकत नाही. मला मात्र डोळे बारीक करून माझा बिल्ला वाचू पाहणारा माणूस दिसत होता. 'चष्मा लागतो का तुम्हाला?' एवढंच विचारलं आणि तो रडायलाच लागला. धरपकडीत चष्मा पडला होता आणि रस्त्यापासून तो तेच ओरडून सांगत होता. एक तरुण शिपाई व्हॅनमध्ये जाऊन शोधून आला. काडी मोडली होती, ती मी चिकटपट्टीने जोडली. बेड्या निघाल्या, चहा घेतला, मग नीट बोलला. आजारी होताच, आवाज ऐकू येत होते, भरती करावंच लागलं. पण त्याच आठवड्यात पुलाच्या कठड्यावरून उतरवलेली एक गोरी बाई आली होती, तीही तितकीच आजारी. ती ब्लँकेट गुंडाळून अँब्युलन्समधून आली आणि पोलीस तिला नावाने हाक मारत होते.

हे मी बहिणीकडे मोदक वळताना सांगितलं. भावोजी डॉक्टर आहेत. म्हणाले, 'अगं, त्यांची अंगकाठीच तशी. आणि स्किझोफ्रेनिया त्यांच्या रक्तातच आहे, आकडे बघ.'

आकडे मी रोजच बघते. 2022-23 मध्ये इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने दाखल होण्याचं प्रमाण काळ्या लोकांत गोऱ्यांच्या साडेतीन पट होतं. कॅरिबियन वंशाच्या लोकांत इथे स्किझोफ्रेनियाचं निदान कित्येक पट जास्त होतं, हेही खरं. मग हेच लोक मूळ बेटांवर राहतात तेव्हा काय होतं? जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोसमध्ये 1990 च्या दशकात अभ्यास झाले. तिथे हे प्रमाण इतकं चढलेलं आढळलं नाही. रक्त तेच, देश वेगळा. आणि त्रिनिदादचा अभ्यास करणारे दिनेश भुग्रा आपल्या पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. पुढे इथल्या रॉयल कॉलेज ऑफ सायकिअ‍ॅट्रिस्ट्सचे, म्हणजे मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. 'आपल्याला काय कळणार' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

अंगकाठीचं म्हणाल, तर ओलासेनी लुईसचं प्रकरण वाचा. 23 वर्षांचा काळा मुलगा, 2010 मध्ये स्वतःच्या पायाने मनोरुग्णालयात भरती झालेला. 11 पोलिसांनी दाबून धरलं आणि गेला. 2017 मध्ये ज्युरीने बळाचा वापर अवाजवी ठरवला. त्याच्या आईवडिलांच्या झुंजीतून 2018 चा कायदा आला. आता मानसिक रुग्णालयात रुग्णाला जबरदस्तीने धरलं तर त्याची नोंद ठेवावी लागते, आणि तिथे बोलावलेल्या पोलिसांनी अंगावर कॅमेरा लावायचा असतो.

भावोजी सोलापूरचे. त्यांच्या गावात आजही 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, त्यांना कुंपणाआड ठेवायची ती वसाहत. कायदा 1952 मध्ये गेला, पण चोरी झाली की पहिला कुणाला उचलतात हे पारधी वस्तीवर काम केलेल्या कुणालाही विचारा. ज्याने हे पाहिलंय त्याला दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टनमधला पोलीस समजायला वेगळी डिग्री लागत नाही. अर्जात कोठडीचं काम याच अंगाने मांडा, 'मी बाहेरची आहे पण शिकेन' असलं काही लिहू नका.

एक शोधण्यासारखं: इंग्लंडच्या हंबरसाइड भागात 2020 ला सुरू झालेलं 'राइट केअर, राइट पर्सन' धोरण 2023 पासून देशभर पसरलं. म्हणजे मानसिक आरोग्याच्या बऱ्याच कॉलला पोलीस आता जातच नाहीत. त्याने काळ्या रुग्णांचा त्रास घटला की मदतच उशिरा पोचायला लागली? मुलाखतीत हा विषय काढा.

आता जरा हात राखून. मी नर्स आहे, संशोधक नाही. सगळे पोलीस सारखे नसतात. चष्मा शोधून देणारा पोरगाही पोलीसच होता, आणि बेड मिळेपर्यंत रुग्णासोबत तासन्तास बसणारेही मी पाहिलेत. अशा जागा बहुधा मुदतीच्या असतात, आणि एनएचएसची (इथल्या सरकारी आरोग्यसेवेची) नैतिक परवानगी मिळेस्तोवर महिने जातात. विद्यापीठ व्हिसाची स्पॉन्सरशिप देतं का, ते अर्जाआधी ईमेल करून विचारा. 'नाही' म्हणाले तर वरचं सगळं पुढच्या जागेसाठी ठेवा.