सुपरमॅनचं स्मॉलव्हिल हे गाव खरंच आहे का?

नाही, स्मॉलव्हिल पूर्णपणे काल्पनिक आहे. सुपरमॅन १९३८ साली कॉमिक्समध्ये आला, पण तो लहानाचा मोठा झाला त्या गावाला हे नाव मिळालं १९४९ मध्ये. ते नेमकं कुठे आहे, हे बरीच वर्षं संदिग्धच होतं. १९७८ च्या चित्रपटाने ते कॅन्ससमध्ये नेलं आणि पुढे कॉमिक्समध्येही तेच राज्य पक्कं झालं. मला ही निवड फार योग्य वाटते. कॅन्सस म्हणजे अमेरिकेतलं गव्हाचं कोठार, आणि क्लार्कला, म्हणजे सुपरमॅनला, वाढवणारं केंट दाम्पत्य शेतकरीच. त्याचा साधेपणा, कष्टाची सवय त्या घरातून आलेली आहे. १९७८ च्या त्या चित्रपटात दिसणारी शेतं मात्र कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातली आहेत. २००१ ते २०११ या काळातली ‘स्मॉलव्हिल’ ही टीव्ही मालिकाही मुख्यतः कॅनडातच, ब्रिटिश कोलंबियात चित्रित झाली.