हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशींमुळे एवढे जीव वाचले, मग घरच्यांची तक्रार नेमकी कशाबद्दल आहे?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी हेला पेशी वाढवत होते. सकाळी इन्क्युबेटर उघडायचा, फ्लास्कमधला गुलाबी मीडिया, म्हणजे पेशींना पोसणारा द्रव, पिवळा पडला असेल तर बदलायचा. बाकीच्या पेशी जरा काही झालं की मरायच्या, या मात्र दिवसभरात दुप्पट व्हायच्या. झाकणावर मार्करनं ‘हेला’ लिहिताना ती हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या नावा-आडनावाची पहिली अक्षरं आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. समजलं त्या दिवशी खूप ओशाळल्यासारखं झालं.

हेन्रिएटा पाच मुलांची आई. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर उपचार चालू असताना त्यांना न विचारताच गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत दिला गेला. त्याच ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या, वय ३१. पेशी मात्र वाढत राहिल्या आणि पोलिओच्या लशीची परीक्षा त्यांच्यावरच झाली.

तेव्हा विचारायची पद्धतच नव्हती, हे खरंय. त्या डॉक्टरांवर माझा फारसा राग नाही. राग आहे तो पुढच्या प्रकाराचा. हेला पेशी इतक्या दांडग्या की दुसऱ्या पेशींच्या फ्लास्कमध्ये शिरून त्यांची जागा घ्यायच्या. कुठल्या फ्लास्कमध्ये नक्की काय आहे हे ओळखण्यासाठी सत्तरच्या दशकात संशोधकांनी तुलनेसाठी हेन्रिएटांच्या मुलांचं रक्त घेतलं. कशासाठी, ते नीट सांगितलंच नाही. मुलगी डेबोराला वाटलं, आपली कॅन्सरची तपासणी चालू आहे. आई तिशीत गेली, आपलंही तसंच होणार या धास्तीत ती रिपोर्टची वाट बघत राहिली. तिला समजेल अशा भाषेत दोन वाक्यं बोलायला किती वेळ लागला असता?

आणि २०१३ मध्ये पुन्हा तेच! जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी हेलाचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळी आनुवंशिक माहिती, इंटरनेटवर टाकला. त्यात आजच्या नातवंडांच्या आनुवंशिक आजारांचीही माहिती असू शकते, तरी घरच्यांना कुणी विचारलं नाही. तोपर्यंत तर संमतीचे नियम येऊन कित्येक वर्षं झाली होती.

पैशाचाही प्रश्न आहेच. या पेशी विकून कंपन्यांनी कमाई केली आणि घरातल्या काहींना आरोग्यविमासुद्धा परवडत नव्हता. २०२३ मध्ये एका कंपनीनं कोर्टाबाहेर तडजोड केली, तिच्या अटी गुप्त आहेत.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला २०१३ च्याच ऑगस्टमध्ये दिसतं. जीनोमवरून आरडाओरडा झाल्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे लोक कुटुंबासोबत बसले, सगळं समजावून सांगितलं, तुमचं काय म्हणणं आहे ते विचारलं. घरच्यांनी संशोधन थांबवा असं म्हटलं नाही. माहिती हवी असेल त्यानं अर्ज करावा आणि अर्ज तपासणाऱ्या समितीत घरची माणसं असावीत, एवढंच ठरलं.