बाईकच्या फ्रेमचा आणि अलॉय व्हीलचा जुना रंग काढायला सँडब्लास्टिंग करू का? साधी नदीची वाळू चालेल का?

करा की, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कण मारून रंग काढा, पण नदीची वाळू नको. तिच्यात सिलिका असते, ब्लास्ट करताना तिचा बारीक धुरळा होतो आणि तो फुप्फुसात गेला की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, जो बरा होत नाही. नाव सँडब्लास्टिंग असलं तरी हल्ली त्यात सँड वापरायचीच नसते, असा हा गमतीशीर प्रकार आहे.

फ्रेम जाड लोखंडाची असते, तिला गार्नेट किंवा अल्युमिनियम ऑक्साईडचे कडक, धारदार कण मस्त, गंज पण निघतो आणि पृष्ठभाग थोडा खरबरीत होतो म्हणून प्रायमर घट्ट धरतो. अलॉय मऊ असतं, त्याला ग्लास बीड, म्हणजे काचेचे बारीक गोल मणी, कमी प्रेशरवर. टाकीचा पत्रा मात्र पातळ, तिथे जोरात एकाच जागी मारत बसलात तर पत्रा वाकतो आणि मग तो सरळ होत नाही, तिथे सोडा ब्लास्टिंग, म्हणजे खायच्या सोड्याने ब्लास्ट करणं, बरं. १९८० च्या दशकात स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या आतलं तांबं खायच्या सोड्यानेच साफ केलं होतं! फक्त सोड्याने गंज फारसा निघत नाही आणि नंतर नीट धुतलं नाही तर रंग सुटतो.

बेअरिंग, आटे, चेसिस नंबर आधी टेपने झाका. कॉम्प्रेसरला हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप लावा नाहीतर मीडियाचे, म्हणजे मारायच्या कणांचे, गोळे होऊन नॉझल चोक होतं. ब्लास्टिंगचं हेल्मेट (बाईकचं नव्हे) आणि चांगला रेस्पिरेटर हवाच, रुमाल बांधून भागत नाही.

आणि हो, ब्लास्ट झालेलं लोखंड उघड्या हाताने धरू नका, त्याच दिवशी प्रायमर मारा, दमट हवेत काही तासांत परत गंज चढतो.