बिल्डिंग सोसायटी म्हणजे गृहनिर्माण संस्था का?

ब्रिटिश नियमावलीचा अनुवाद करणाऱ्या एकांनी विचारलंय की ‘शेअर्ड लेंडिंगमधला (अनेकांनी मिळून एकाला दिलेल्या कर्जातला) बिल्डिंग सोसायट्यांचा सहभाग’ याला ‘संयुक्त कर्जातील गृहनिर्माण संस्थांचा सहभाग’ म्हणावं का?

माझ्या मते नको. दोन्ही शब्द वाचकाला चकवतील.

गृहनिर्माण संस्था म्हटलं की आपल्याला मेंटेनन्सची बिलं आणि पार्किंगची भांडणं आठवतात. ती कोणाला घरासाठी कर्ज देत नाही. बिल्डिंग सोसायटी नेमकं तेच करते: सभासदांच्या ठेवी घेते, त्यातून गृहकर्जं देते. पहिली ज्ञात सोसायटी बर्मिंगहॅमच्या ‘गोल्डन क्रॉस’ सराईचे मालक रिचर्ड केटली यांनी १७७५ मध्ये काढली. भिशीसारखा मामला होता. वर्गणी जमवायची, पाळीपाळीने घरं उभी करायची, सगळ्यांची झाली की गाशा गुंडाळायचा. पुढे सोसायट्या कायमच्या झाल्या, बांधकाम सुटलं, नाव तेवढं चिकटून राहिलं. कामाच्या जातीने ती आपल्या पतसंस्थेच्या जवळची. (गावाकडे ‘सोसायटीचं कर्ज’ म्हटलं की विकास सोसायटीचं पीककर्ज समजतात. तो कान इथे शहरी कानापेक्षा बरा!) तरी ‘पतसंस्था’ही लिहू नका, कायदा वेगळा आहे. ‘बिल्डिंग सोसायटी’च ठेवा.

आता ‘संयुक्त कर्ज’. बँकेत याचा अर्थ नवरा-बायकोने मिळून घेतलेलं कर्ज. इथे घेणारा एक, देणारे अनेक. आपल्याकडे साखर कारखान्याला राज्य बँक आणि जिल्हा बँका मिळून पैसा पुरवतात, त्याला सहकारातली माणसं ‘सहभाग कर्ज’ म्हणतात. तोच शब्द घ्या.

नियमाचा गाभा कळला तर वाक्यही नीट बसेल. ब्रिटनच्या १९८६ च्या बिल्डिंग सोसायटी कायद्याप्रमाणे सोसायटीच्या व्यवसायातल्या मालमत्तेपैकी किमान ७५ टक्के राहत्या घरांच्या तारणावरची कर्जं हवीत. कचेऱ्यांच्या इमारतीसाठी चौघांनी मिळून दिलेल्या कर्जातला तिचा वाटा उरलेल्या २५ टक्क्यांत मोडतो. शिवाय अशा कर्जात कर्जदाराशी बोलणी मुख्य बँक करते. धाकटा भागीदार तिच्या कागदांवर विसंबला तर बुडायची भीती. दुसऱ्यांच्या तपासणीवर विसंबण्याचा धोका नियामक विसरलेले नाहीत. स्कॉटलंडची डन्फर्मलिन बिल्डिंग सोसायटी २००९ मध्ये कोसळली, तिच्याकडे व्यापारी मालमत्तेवरची कर्जं होती आणि इतरांकडून विकत घेतलेली गृहकर्जंही.

तेव्हा मी लिहीन: ‘बिल्डिंग सोसायट्यांनी सहभाग कर्जात पैसा घालण्याबाबतचे नियम’. लांब आहे, पण कोण कोणाला देतंय हे पहिल्या वाचनात कळतं.