आरटीएक्स ३०८० हे ग्राफिक्स कार्ड अंडरव्होल्ट केल्याने, म्हणजे त्याच्या चिपला कमी व्होल्टेज दिल्याने, कार्ड खराब होतं का? पंखे पूर्ण वेगाने लावूनही उन्हाळ्यात खोलीत बसवत नाही.

नाही, खराब होत नाही. व्होल्टेज कमी पडलं तर गेम बंद पडेल किंवा स्क्रीन काळी होऊन ड्रायव्हर पुन्हा सुरू होईल, इतकंच. आफ्टरबर्नर (कार्डाची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) उघडून रीसेट दाबलं की कार्ड मूळपदावर येतं.

पंख्यांचं म्हणाल तर त्यांनी खोली गार होणारच नाही. पंखा कार्डातली उष्णता उचलून खोलीत टाकतो, ती कमी करत नाही. ३०८० चं मूळ पॉवर लिमिट (वीज खाण्याची मर्यादा) ३२० वॅट आहे आणि ते सगळे वॅट शेवटी तुमच्या खोलीतच येतात. म्हणून कार्डाच्या तापमानापेक्षा वॅटच्या आकड्यावर नजर ठेवा. चिप खाते ती बरीचशी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. क्लॉक (चिपचा वेग) तोच ठेवून १ व्होल्टवरून ०.९ वर आलात, तर त्या विजेतला जवळपास पाचवा हिस्सा वाचतो.

मी नागपूरला राहतो. मे महिन्यात दुपारी कूलर लावूनही बसवेना, तेव्हा हे केलं. आफ्टरबर्नरमध्ये कोअर क्लॉक आधी २५०-३०० मेगाहर्ट्झने खाली घ्या आणि अप्लाय करा. मग कंट्रोल आणि एफ दाबून कर्व्ह (कोणत्या व्होल्टेजला किती क्लॉक, याचा आलेख) उघडा, ९०० मिलिव्होल्टचा ठिपका १८०० मेगाहर्ट्झपर्यंत वर ओढा, पुन्हा अप्लाय. त्याच्या उजवीकडची रेघ आपोआप सपाट होते, म्हणजे कार्ड त्याहून जास्त व्होल्टेज मागत नाही. गेममध्ये क्लॉक १५-३० मेगाहर्ट्झने कमी दिसला तर घाबरू नका, कार्ड तापलं की तो तसा उतरतोच. माझ्याकडे वॅट ३२० वरून २६० च्या आसपास आले आणि गेममध्ये फरक जाणवला नाही.

दुसऱ्या कुणाचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका, माझेही नाही. एकाच मॉडेलच्या दोन चिप सारख्या नसतात. दहा मिनिटांच्या बेंचमार्कवरही (कार्डाची क्षमता मोजणाऱ्या चाचणीवरही) विसंबू नका. माझं कार्ड ८५० मिलिव्होल्टवर बेंचमार्क आरामात पार करायचं, पण रे ट्रेसिंगच्या (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणाऱ्या, कार्डावर जास्त ताण देणाऱ्या) गेममध्ये तासाभराने बंद पडायचं. तेव्हा रोजचे गेम तीन-चार दिवस खेळून बघा आणि तोवर विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लागू होईल असं ठेवू नका.

मेमरी क्लॉकला सध्या हात लावू नका. या कार्डाची जीडीडीआर६एक्स मेमरी चूक झाली की तोच डेटा पुन्हा पाठवते. त्यामुळे जास्त ताणली तरी गेम बंद पडेलच असं नाही, फक्त एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) घसरतात आणि कारण लक्षात येत नाही.